पडदा काळा पडला, दोष कुणाचा?

लांब केबलचे दुखणे ओळखावे कसे, आणि कारागिराने आपली पत राखावी कशी

नगर शहरातील सावेडी भागात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर होम थिएटर बसवण्यात आले. काम मुकुंदनगरच्या एका कारागिराने घेतले होते. हा गृहस्थ जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर हात बसवून वर आलेला. सोल्डरिंगची सवय, हाताला सफाई, बोलणे सरळ. ॲम्प्लिफायर, स्पीकर, छताला प्रोजेक्टर, समोर मोठा पडदा, सगळे नीट बसले. सेट टॉप बॉक्सचे चित्र उत्तम आले. मालक खूश झाले. मग इंटरनेटवरून चित्रपट दाखवणारे नवे खोके जोडले आणि पडद्यावर पांढरे ठिपके चमकू लागले. दहा-बारा सेकंदांत पडदा काळा. पुन्हा चित्र, पुन्हा काळोख.

कारागिराने खोके बदलून आणले. तोच प्रकार. मग प्रोजेक्टर उतरवून पुण्याला पाठवला. दोन आठवड्यांनी तो 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी घेऊन परत आला. जाण्या-येण्याचे भाडे कारागिराच्या खिशातून गेले. मालकांनी उरलेले पैसे अडवले. आमच्याकडे आला तेव्हा तो म्हणाला, "भाई, खोके बदलले, प्रोजेक्टर पुणे पाहून आला. आता काय माझे डोळे बदलू?"

आम्ही त्याच्याबरोबर सावेडीला गेलो. बरोबर फक्त दीड मीटर लांबीची एक चांगली एचडीएमआय केबल नेली. घोडा लावला, ते खोके प्रोजेक्टरशेजारी फळीवर ठेवले आणि दोन्ही या आखूड केबलने जोडले. चित्र आले. अर्धा तास गेला, एक ठिपका नाही. खोके निर्दोष, प्रोजेक्टर निर्दोष. दोषी होती ती भिंतीत पुरलेली १५ मीटरची केबल. तिच्याकडे आजवर कुणी पाहिलेच नव्हते, कारण 'सेट टॉप बॉक्स तर चालतो ना' या एका वाक्याने तिला आधीच निर्दोष ठरवले होते.

ही हकिकत एकट्याची नाही. संगमनेर, श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव इथेही आता बंगल्यांतून असे हॉल होत आहेत. काम आपल्या कारागिरांकडे येते. पण एक काम फसले की पुढच्या वेळी ग्राहक पुण्याचा माणूस बोलावतो. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेणे रोजीच्या दृष्टीने गरजेचे आहे.

जुनी केबल सांगून बिघडत असे

१९९० नंतरच्या दशकात आपल्याकडे घराघरावरून केबल टीव्हीच्या काळ्या तारा गेल्या. ज्यांनी तेव्हा ते काम केले त्यांना आठवत असेल, डिशजवळच्या घरात चित्र स्वच्छ आणि गल्लीच्या शेवटच्या घरात मुंग्या. जसजशी तार लांब, तसतशा मुंग्या दाट. तक्रार आली की कारागीर मधला जोड नवा करी, नाहीतर ॲम्प्लिफायर बसवी. बिघाड हळूहळू येई आणि येताना सांगून येई.

तारेत सिग्नल का विरतो याचेही गणित आहे. तांब्याचा रोध काही भाग खातो, दोन तारांमधले प्लास्टिक काही भाग खाते, आणि वारंवारता जितकी जास्त तितका हा ऱ्हास अधिक. केबलवाल्यांची नेहमीची आरजी-६ तार घ्या. १०० मीटरमध्ये ५० मेगाहर्ट्झला साधारण ५ डेसिबलचा ऱ्हास होतो, ५५० मेगाहर्ट्झला साधारण १६ डेसिबलचा. डेसिबलचा हिशेब सोपा आहे. ३ डेसिबल गेले म्हणजे शक्ती निम्मी झाली, १० गेले म्हणजे दहावा हिस्सा उरला. १६ गेले म्हणजे चाळिसावा हिस्सा. त्याच तारेवर खालचे चॅनेल स्वच्छ आणि वरचे धुरकट का दिसत, याचे उत्तर यात आहे.

जुन्या कारागिरांना आणखी एक खूण ठाऊक होती, ती म्हणजे सावली. माणसाच्या उजवीकडे त्याचीच फिकट दुसरी आकृती. ही तार ७५ ओमची असते. दोन्ही टोकांना ७५ ओमचाच मेळ नसेल तर सिग्नल टोकावर आपटून मागे फिरतो आणि उशिरा परत येतो. १०० मीटरच्या तारेत जाऊन-येऊन साधारण एक मायक्रोसेकंद लागतो. ७० सेंटिमीटर रुंद पडद्यावर त्याची सावली सव्वा-दीड सेंटिमीटरवर पडते. सावलीचे अंतर मोजून तारेतील बिघाडाची जागा हेरणारे हुन्नरी लोक होते.

डिजिटल केबल सांगत नाही

एचडीएमआय २००२ साली आली. तिच्यातून चित्र आकड्यांच्या रूपात जाते. आकडा पोचला तर पूर्ण पोचतो, नाहीतर चुकतो. त्यामुळे केबल कमजोर असली तरी एका मर्यादेपर्यंत चित्र अगदी निर्मळ दिसते. ती मर्यादा ओलांडली की पांढरे ठिपके, आणि त्यापुढे दोन पावलांवर काळोख. विहिरीच्या काठासारखे हे आहे. काठावर उभा असलेला माणूस पाहून तो काठापासून किती दूर आहे हे चित्रावरून कळत नाही.

आता मागणी पाहा. १०८०पी चित्र, सेकंदाला ६० वेळा, यासाठी केबलमधून साधारण साडेचार गिगाबिट दर सेकंदाला जावे लागतात. ४के चित्र सेकंदाला २४ वेळा दाखवायचे तर साधारण ९ गिगाबिट. तेच ४के सेकंदाला ६० वेळा दाखवायचे तर साधारण १८ गिगाबिट. सावेडीच्या बंगल्यात सेट टॉप बॉक्सची मागणी लहान होती, ती १५ मीटरच्या तारेने कशीबशी भागवली. नव्या खोक्याने चौपटीहून अधिक ओझे टाकले आणि तार वाकली. केबल तीच, पण ओझे वेगळे. 'एक उपकरण चालते म्हणजे केबल ठीक' हा निष्कर्ष येथे फसतो.

तांब्याच्या साध्या एचडीएमआय केबलला किती लांबी झेपते? आमचा ठोकताळा असा: १८ गिगाबिटसाठी ५ मीटरपर्यंत भरवसा ठेवावा. १०८०पी साठी चांगली जाड केबल १० ते १५ मीटर जाते. ४८ गिगाबिटच्या नव्या केबलची साधी तांब्याची जात ३ मीटरच्या आसपासच धरावी.

या केबलच्या १९ पिना असतात आणि त्या सगळ्या चित्र नेत नाहीत. काही पिनांवरून पडदा आणि खोके यांची आपसात बोलणी होतात. पडदा सांगतो, मी अमुक इतके चित्र दाखवू शकतो. खोके विचारते, तुझ्याकडे चोरी रोखणारी किल्ली आहे का. ही बोलणी अडली तर चित्राच्या तारा शाबूत असूनही 'नो सिग्नल' दिसते. लांब केबलमध्ये ५ व्होल्टची पिनही अशक्त होते, आणि मग कधी चालते, कधी नाही, असा प्रकार सुरू होतो.

जोर वाढवून भागत नाही

केबल लांब असली की पुष्कळांचा पहिला विचार 'बूस्टर लावू' असा असतो. बूस्टर चांगल्या सिग्नलला पुढे ढकलतो. बिघडलेल्या सिग्नलचा बिघाडही तो तितक्याच जोराने वाढवतो. म्हणून तो सिग्नल मरण्यापूर्वी लावायचा असतो, मेल्यावर नाही.

या चुकीला मोठा इतिहास आहे. १८५८ साली आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी समुद्राखालून पहिली तारायंत्राची केबल पडली. संदेश फार सावकाश जात, अवघ्या ९८ शब्दांना कित्येक तास लागले. केबलवरचे विद्युत अधिकारी वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी उपाय म्हणून दाब वाढवत नेला, तो साधारण २,००० व्होल्टपर्यंत गेला. आधीच कमजोर असलेली ती केबल तीन आठवड्यांच्या आसपास कायमची मुकी झाली. विल्यम थॉमसन या शास्त्रज्ञाचे म्हणणे वेगळे होते: तांबे शुद्ध आणि जाड घ्या, आणि घेणाऱ्या टोकाला नाजूक यंत्र ठेवा. १८६६ ची टिकाऊ केबल त्याच वाटेने झाली. केबल मुळात योग्य असावी, मागाहून केलेली जबरदस्ती महाग पडते, हा धडा आजही जुना झालेला नाही.

लांबी खोलीची नव्हे, वाटेची

अंदाजपत्रक देताना सर्रास होणारी चूक अशी की कारागीर खोलीची लांबी मोजतो. २० फुटांची खोली, म्हणून २५ फूट केबल. प्रत्यक्षात केबल कपाटातून निघते, ९ फूट भिंत चढते, छताच्या कडेने १६-१८ फूट जाते, मध्यावर वळायला ६-७ फूट, प्रोजेक्टरपर्यंत उतरायला दोन फूट, दोन्ही टोकांना हाताळण्यापुरते दोन-दोन फूट. बेरीज ४० फुटांवर जाते, म्हणजे १२ मीटर. बाजारात १० नंतर १५ मीटरचीच केबल मिळते. असा २० फुटांचा हॉल बघता बघता १५ मीटरचा होतो आणि काठ ओलांडतो. प्लास्टर होण्यापूर्वी सुतळी घेऊन केबलची खरी वाट मोजावी.

तपासणीचा क्रम

कारागीर बंधूंनी पुढील क्रम पाठ करावा. या क्रमाने गेल्यास बहुतेक दोष अर्ध्या तासात हाती लागतो आणि एकही उपकरण दुसऱ्या गावी पाठवावे लागत नाही.

पहिले, आखूड केबल. खोके आणि पडदा शेजारी आणून दीड-दोन मीटरच्या खात्रीच्या केबलने जोडा. चित्र टिकले तर दोन्ही उपकरणे सुटली. हे ग्राहकाच्या डोळ्यांदेखत करा.

दुसरे, ओझे उतरवा. लांब केबल परत जोडून खोक्याच्या सेटिंगमध्ये ४के वरून १०८०पी करा. चित्र टिकले तर केबल तुटलेली नाही, तिला ओझे झेपत नाही. १०८०पी लाही ठिपके असतील तर टोक, पिन किंवा मधला दबलेला भाग तपासा.

तिसरे, मधले सगळे काढा. ॲम्प्लिफायर, स्प्लिटर, भिंतीवरची जोडपेटी, केबलला केबल जोडणारा तुकडा. प्रत्येक जोड सिग्नल खातो. एकेक परत लावत जा. ज्यावर चित्र पडते तो गुन्हेगार.

चौथे, सुरू करण्याचा क्रम. सर्व बंद करून आधी पडदा, मग ॲम्प्लिफायर, शेवटी खोके सुरू करा. एवढ्याने काम झाले तर अडचण बोलणीची आहे. रंग गुलाबी किंवा हिरवट दिसत असतील तर पिन आणि खोक्यातील रंगाचे सेटिंग पाहा.

पाचवे, दिशा. प्रकाशतंतूच्या केबलला दिशा असते. एका टोकावर सोर्स, दुसऱ्यावर डिस्प्ले असे छापलेले असते. उलटी ओढली तर चित्र येणारच नाही. भिंतीत घालण्यापूर्वी जमिनीवर पसरून ती चालवून पाहावी.

सहावे, अर्थिंग. याविषयी वेगळे सांगायला हवे.

नगरची कोरडी जमीन आणि अर्थिंग

स्पीकरमधून गुणगुण, कॅमेऱ्याच्या किंवा जुन्या टीव्हीच्या चित्रात सावकाश सरकणाऱ्या आडव्या पट्ट्या, केबलच्या धातूला हात लावताच झिणझिण्या, ही अर्थिंगच्या दोषाची लक्षणे. खाली एक अर्थिंग, वर दुसरे, आणि डिशची तार तिसऱ्या ठिकाणाहून आलेली. या जागांमध्ये दाबाचा फरक असला की केबलच्या जाळीतून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहू लागतो. होम थिएटरची सगळी उपकरणे एकाच अर्थिंगवर घेतली की बहुतेक गुणगुण थांबते.

आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. उन्हाळ्यात जमीन भेगाळते आणि कोरड्या मातीचा रोध वाढतो. कोळसा-मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा चार वर्षे पाण्याविना राहिला तर तो नावापुरता उरतो. उन्हाळ्यात त्यात पाणी घालायला मालकाला सांगावे, आणि काम घेण्यापूर्वी रोध तपासून घ्यावा.

काही जण गुणगुण घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगमधली अर्थची पिन कापतात. हे कधीही करू नये. गुणगुण जाईल, पण त्या दिवशी उपकरणात वीज उतरली तर ती माणसाच्या अंगातून जमिनीत जाईल. अर्थ नसलेल्या उपकरणांत चालू स्थितीत एचडीएमआय काढ-घाल केली तर पोर्टही जळतात. आधी बटण बंद, मग केबल.

भिंतीत काय घालावे

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाचा उपाय म्हणजे पाइप. उघडी केबल कधीही प्लास्टरमध्ये पुरू नये. निदान ३२ मिलिमीटरचा पाइप टाकावा, म्हणजे एचडीएमआयचे टोक आतून जाते. कोपऱ्याला काटकोनी एल्बो नको, मोठ्या वळणाचा बेंड हवा, आणि पाइपात ओढायची दोरी सोडून ठेवावी. केबलची पिढी दहा वर्षांत बदलते, भिंत बदलत नाही. विजेच्या तारा त्याच पाइपात घालू नयेत. वाट ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडावी.

पाइपात काय घालायचे? ५ मीटरच्या आत प्रमाणित तांब्याची केबल पुरे. 'प्रीमियम हाय स्पीड' हे नाव १८ गिगाबिटसाठी आणि 'अल्ट्रा हाय स्पीड' हे ४८ गिगाबिटसाठी आहे. खोक्यावरचे लेबल मोबाइलने स्कॅन करून खरेखोटे पाहता येते. त्याहून लांब अंतराला प्रकाशतंतूची एचडीएमआय केबल घ्यावी. तिला तीव्र वळण सोसत नाही, आणि टीव्हीचा आवाज ॲम्प्लिफायरला परत आणायचा असेल तर तशी सोय त्या केबलमध्ये आहे का हे आधी विचारावे. आणखी लांब जायचे तर कॅट-६ तारेवरून चित्र नेणारी पेट्यांची जोडी मिळते. २०१० मध्ये पुढे आलेल्या एचडीबेस-टी पद्धतीने अशा एका तारेवर १०० मीटरपर्यंत चित्र नेता येते. मात्र स्वस्त पेट्या त्या पद्धतीच्या नसतात. पेटीवर १८ गिगाबिट लिहिले आहे का ते वाचावे, आणि ही तार इंटरनेटच्या स्विचमध्ये घालू नये.

कापड बाजारातल्या दुकानदारांनाही हा नियम लागू आहे. कॅमेऱ्याची तार घेताना आतला गाभा शुद्ध तांब्याचा आहे की तांब्याचा मुलामा, हे पाहावे. उच्च वारंवारतेचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो, म्हणून केबल टीव्हीला तांबे चढवलेली पोलादी तार चालून जाते. कॅमेऱ्याच्या साध्या चित्रात खालच्या वारंवारता असतात, तिथे ती अपुरी पडते. कॅट-६ मध्ये तांबे चढवलेले ॲल्युमिनियम असेल तर रोध तांब्याच्या जवळपास दीडपट होतो आणि त्याच तारेवरून वीज घेणारा शेवटचा कॅमेरा रात्री दिवे लागताच बंद पडतो. खिशात लोहचुंबक ठेवावे, पोलादी गाभा लगेच कळतो. ॲल्युमिनियम ओळखायला तार चाकूने खरवडावी. आतून पांढरी निघाली की ती ठेवून द्यावी.

बिलावर लिहा, मग वाद नाही

दुकानदार बंधूंना आमची विनंती आहे की ग्राहकाने 'स्वस्तातली द्या' म्हटले तरी तिची मर्यादा त्याला सांगावी. १५ मीटरची तांब्याची केबल विकणे गैर नाही, ती ४के ला चालेल असे सांगून विकणे गैर आहे. आणि कारागिराने अंदाजपत्रकात केबलची जात, मीटर, आणि कोणते चित्र किती वेगाने चालेल हे लिहून सही घ्यावी. काम संपल्यावर त्याच चित्राची अर्ध्या तासाची चाचणी मालकासमोर घ्यावी. केबल भिंतीत जाण्यापूर्वीची चाचणी वेगळी आणि नंतरची वेगळी, दोन्ही घ्याव्यात.

सावेडीचे काय झाले? त्या संध्याकाळी आम्ही खोक्याचे चित्र ४के ठेवून वेग सेकंदाला २४ केला. चित्रपट मुळात २४ चित्रांच्याच वेगाने काढलेले असतात, त्यामुळे काही गमावले नाही. ओझे निम्म्यावर आले आणि तीच केबल चालू लागली. क्रिकेटचे ४के मात्र तिला झेपणार नव्हते, हे कारागिराने मालकांना स्वतःहून सांगितले. पंधरा दिवसांनी छताच्या कडेने केसिंगपट्टी मारून प्रकाशतंतूची केबल टाकली. केबलचे पैसे मालकांनी दिले, मजुरी कारागिराने घेतली नाही. अडकलेली रक्कम त्याच दिवशी मिळाली. पुण्याच्या भाड्याचा विषय त्याने काढला नाही. ती आपल्या शिकण्याची फी होती, असे तो आम्हाला म्हणाला. आता त्याच्या पिशवीत टेस्टरशेजारी दीड मीटरची एक केबल कायम असते.